पॉवर हॅकसॉचा कट दर दिवाळीला तिरका जातो

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांचा वेळ वाचेल. ५० मिलीचा (म्हणजे मिलीमीटरचा) एमएसचा, साध्या पोलादाचा, गोल रॉड व्हाइसमध्ये (शिकंज्यात) बांधला, मशीन, म्हणजे मोटरवर चालणारी लोखंड कापायची करवत, चालू केलं, चहा घेऊन आलो. तुकडा खाली पडलेला. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला तर एका कडेला टेकलेला आणि समोरच्या कडेला २ मिलीची फट. ब्लेड बदललं की चार-पाच कट बरे येतात, मग पुन्हा तेच. चालवून घ्यायचं म्हटलं तर प्रत्येक तुकडा ३ मिली लांब कापून लेथवर फेस करून, म्हणजे तोंड सपाट करून, घ्यावा लागतो. माल जातो, टर्नरची मजुरी जाते, आणि घरचं हॅकसॉ मशीन ठेवून उपयोग काय असा प्रश्न घरात विचारला जातो तो वेगळाच.

यातली मेख अशी की हे वर्षभर होत नव्हतं. माझ्याकडे २०२१, २०२२ आणि २०२३ अशी ओळीने तीन वर्षं ते दसरा-दिवाळीलाच झालं, ऐन गेट-ग्रिलच्या कामाच्या गर्दीत. होळीपर्यंत मी ब्लेडं बदलून, स्क्रू पिळून कसंबसं जागेवर आणायचो. पुढच्या दिवाळीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मशीनची थोडी कुंडली. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र झोपेत ऐकू येईल इतक्या अंतरावर. जुन्या गोठ्यात वर्कशॉप आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, एक दार पश्चिमेला. हे १४ इंची ब्लेडचं मशीन कोल्हापूरच्या उद्यमनगरातून जुनं घेतलं. कुठल्याशा कारखान्याने बँडसॉ आणल्यावर काढून टाकलेलं. कंपनीची पाटी केव्हाच उडालेली, बिडावर ओतलेला नंबर तेवढा शिल्लक, तोही अर्धा. फेब्रुवारी २०२० मध्ये टेम्पोतून कराडवरून कुंभार्ली घाट उतरून आलं. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, ते ताडपत्रीखाली अंगणातच राहिलं, आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ताडपत्री कोणाच्या वाडीत गेली ते आजवर कळलं नाही. आम्ही कौलं आणि पडलेले माड यांतून डोकं वर काढलं तोवर मशीन गेरूने सारवल्यासारखं झालं होतं. मग पूर्ण सुटं करूनच जोडलं. बिडाचे मोठे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंजमुक्त केले (जॉब निगेटिव्हला, भंगार लोखंड पॉझिटिव्हला, स्टेनलेसचा तुकडा तिथे लावू नका, विषारी क्रोमियम सुटतं, आणि हे उघड्यावरच करा, हायड्रोजन निघतो). कनेक्टिंग रॉडला गनमेटलचे नवे बुश करून घेतले. वरून झकास हिरवा रंग मारला. त्या रंगाबद्दल पुढे बोलायचंच आहे.

तिरकेपणाची जात

पहिली चूक मी केली ती ही, की तिरका म्हणजे तिरका असं समजून चाललो. तुकडा व्हाइसमधून काढण्याआधी त्याच्या डोक्यावर खडूने रेघ मारा. नंतर गुण्या लावून बघा, फट त्या रेघेच्या दिशेने उघडते की आडवी.

आडवी उघडत असेल, म्हणजे ब्लेड ज्या दिशेने पुढे-मागे जातं त्या दिशेने, तर दोष व्हाइसचा. पक्का जबडा ब्लेडला काटकोनात नाही. गुण्याची जाड बाजू जबड्याला लावा, पातळ पट्टी ब्लेडच्या अंगाला लावा, बोल्ट ढिले करून जमवा, आवळा, पुन्हा बघा. कारण आवळताना जबडा सरकतोच. लहान तुकडा जबड्याच्या एका टोकाला धरत असाल तर दुसऱ्या टोकाला त्याच मापाचा तुकडा अडकवा, नाहीतर सरकता जबडा तिरपा होऊन जॉब कलतो. हे काम अर्ध्या तासाचं.

फट वरून खाली उघडत असेल तर गोष्ट लांबते. त्यातही आधी एक फुकटातली तपासणी करा. २० फुटी सळईचं बाहेरचं टोक लोंबतंय का? स्टँड नसेल तर लोंबणारच, आणि मग ब्लेड सरळ असूनही कट तिरका येणार. मी माडाच्या ओंडक्यावर वीट ठेवून टेकू देतो, दिसायला गावठी आहे पण लेव्हल बाटली लावून ठेवलेलं आहे. टेकू असूनही फट वर-खालीच असेल तर कापलेला चेहरा बघा. पोट आलेलं असेल, म्हणजे फट मध्येच कमी-जास्त होत असेल, तर ब्लेड वाटेत भरकटतंय: ताण कमी, वजन जास्त, किंवा दात एका बाजूने मेलेले. चेहरा सपाट पण कललेला असेल तर ब्लेड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच कलत्या वाटेने उतरतंय. माझा सपाट कललेला होता. हे पहिल्याच वर्षी नीट बघितलं असतं तर दोन वर्षांची ब्लेडं वाचली असती.

ब्लेडची साक्ष

तरी ब्लेडला आधी सोडवून घ्या, कारण सगळे त्याच्यावरच बोट ठेवतात. दातांना डावी-उजवी फाक असते. एखादा वेल्डचा कडक ठिपका लागला की एका बाजूची फाक घासून जाते आणि ब्लेड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. उलटं लावून बघू म्हणाल तर दातांची दिशाही उलटते, त्यामुळे ती परीक्षा होत नाही. कोरं ब्लेड लावणं हीच परीक्षा. लावताना दातांचा रोख बघा. बहुतेक मशिनं क्रँककडे ओढताना कापतात, काही मात्र ढकलताना. पट्टा हाताने फिरवून कुठल्या फेरीला फ्रेम (ब्लेड धरणारी चौकट) किंचित उचलली जाते ते पाहिलं की समजतं. उचलते ती रिकामी फेरी.

ताण हा कानाने बघायचा विषय आहे. आवळल्यावर छोट्या पान्याने टिचकी मारा. टणक ‘टिंग’ आला पाहिजे. ‘थप’ आला तर अजून आवळा. नवीन ब्लेड दोन कटांनंतर पिनांवर बसतं आणि सैल पडतं, तेव्हा पुन्हा एकदा आवळायचं. माझ्या मशीनमध्ये आधीच्या कोणी पिनांच्या जागी चक्क बोल्ट घातले होते. त्यांचे आटे ब्लेडच्या भोकात रुतून ब्लेड वाकडं बसायचं. टर्नरकडून कडक गोल पिना करून घेतल्या.

आणि आता तो रंग. ब्लेड फ्रेमच्या ज्या सपाट बैठकीवर टेकतं त्या बैठकीवरही मी प्रायमर आणि दोन हात हिरवा मारला होता. एका बाजूला रंगाचा ओघळ वाळून उंचवटा झालेला. त्या ओघळावर टेकून ब्लेड जन्मतःच तिरपं. हर्णै बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक वयस्कर चाचा आहेत, ते कामानिमित्त आले होते. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“लग्नाला न्यायचंय काय हिला? जिथे लोखंडाला लोखंड टेकतं तिथे रंग कसला मारतोस?”

खरवडला. फरक पडला, २ मिलीचं दीड झालं. पण दीड म्हणजे काही बरं नव्हे.

दात किती हेही इथेच सांगून टाकतो. निदान तीन दात एकाच वेळी मालात असले पाहिजेत, एवढा एक हिशोब पाठ असला की पुरे. ५ मिली जाडीच्या अँगलला इंचाला १४ दाती ब्लेड लावलं आणि अँगल आडवा ठेवला, तर उभ्या पायात जेमतेम पावणेतीन दात येतात आणि ते मोडतात. तोच अँगल कोपरा वर करून, घराच्या पाख्यासारखा उपडा बांधला की प्रत्येक पायाची जाडी तिरकस कापली जाते, ७ मिली होते, आणि जवळजवळ चार दात बसतात. ५० मिली रॉडला मी १० दाती वापरतो, त्याच्या वर ६ दाती.

दोन बोटांची परीक्षा

चाचांनीच पुढची गोष्ट दाखवली. प्लग काढायला लावला, फ्रेम उचलून ब्लेडच्या मधोमध दोन बोटं लावली आणि बाजूला दाबली. काही बोलले नाहीत. ब्लेड हललं. ब्लेड वाकत नव्हतं, अख्खी फ्रेमच कलत होती.

ज्यांनी मशीन उघडून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: फ्रेम ज्या स्लाइडवर पुढे-मागे धावते ती डोव्हटेल असते, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखी तळाशी रुंद. एका बाजूला फट भरायला एक पट्टी सरकवलेली असते, तिला गिब म्हणतात, आणि बाहेरून तीन स्क्रू तिला दाबून धरतात. माझ्या गिबच्या फटीत फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांच्या जुडग्याचं) ०.४ मिलीचं पान सुळकन गेलं. ०.४ म्हणजे फार नाही असं वाटतं. पण स्लाइड ६० मिली रुंद आणि ब्लेड तिच्या खाली १८० मिली. तिप्पट लांबी, तिप्पट हालचाल. व्हाइसवर डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं गेज) बसवून ब्लेडला टेकवला आणि फ्रेम दाबली तर काटा १.२ फिरला. कापताना फ्रेम एकदा एका अंगाला रेलली की तशीच रेलून उतरते. म्हणून चेहरा सपाट, पण कललेला.

गिब लावण्याची पद्धत: पट्टा उतरवा, ब्लेड काढा. तिन्ही स्क्रू फ्रेम अडकेपर्यंत थोडे-थोडे आवळा, मग प्रत्येक पाव फेरा मागे घ्या. क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघा. दोन्ही टोकांना सारखीच जड लागली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूच्या डोक्यात स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून ठेवा, कारण नट स्क्रूला सोबत घेऊन फिरतो आणि लावलेलं माप बिघडतं. शेवटी फिलरचं ०.०५ चं पान कुठेच जाता कामा नये. झिजलेल्या स्लाइडमध्ये टोकांना घट्ट आणि मध्ये सैल असं होतं, कारण मशीन मधल्या भागात जास्त राबतं. तेव्हा टोकांच्या मापाने लावा. मधल्या मापाने लावलंत तर टोकाला अडकून मोटर पट्टा घसरवत बसेल.

लावलं. कट सरळ. इथे ही कहाणी संपायला हवी होती.

भिंतीवरचं कॅलेंडर

मला मशीनच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करायची सवय आहे. ब्लेड बदललं की त्या तारखेवर ‘ब्ले’, तेल घातलं की ‘ते’. २०२३ च्या दिवाळीनंतर कॅलेंडर बदलताना तिन्ही वर्षांची जुनी पानं समोर घेऊन बसलो, कारण तेव्हापर्यंत गिब तीनदा लावून झाली होती आणि ती दरवेळी ढिली कशी होते याचं उत्तर सापडत नव्हतं. स्क्रूचे आटे चांगले, लॉकनट चांगले.

जूनच्या पानावर तिन्ही वर्षी माझ्याच अक्षरात एक ओळ होती. ‘स्लाइड जड, गिब अर्धा फेरा ढिली.’

मीच करत होतो. मृग लागला की आठवड्याभरात फ्रेम जड चालायची, मोटर कण्हायची, आणि मी पाना घेऊन स्क्रू अर्धा फेरा सोडायचो. पावसाळाभर कामं कमी. नवरात्रात मशीन रोज चालायला लागलं की स्लाइडमधला गंजाचा थर घासून निघून जायचा आणि त्याची जागा रिकामी राहायची. शिवाय तो निघालेला गंज काही निरुपद्रवी नाही, तेलात मिसळला की पॉलिश पेपरच. म्हणजे फट मी वाढवत होतो आणि गंज तिला आणखी रुंद करत होता.

मग प्रश्न उरला की जूनमध्ये स्लाइड इतक्या लवकर गंजते कशी. तेल तर मी मे महिन्यात भरपूर चोपडत होतो. तेलाखाली काय आहे ते मात्र कधी बघितलं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी जो पश्चिमेचा वारा सुटतो तो समुद्राचे बारीक तुषार घेऊन येतो. ते वाळून लोखंडावर मिठाची भुकटी बसते, दिसतही नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. आमच्याकडे पावसाळ्यात हवा त्याच्या खाली येतेच कुठे? स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जूनमध्ये पाझरते, तेच डोव्हटेलच्या फटीत होतं. मिठावरून तेल लावलं की मीठ तेलाखाली जाऊन बसतं, एवढंच.

आणि वारा एकटाच गुन्हेगार नव्हता. कूलंटचं, म्हणजे कापताना ब्लेड थंड ठेवायचं, पाण्यात कालवायचं सोल्युबल तेल मी घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवायचो, २० भाग पाण्यात १ भाग तेल. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, खाडी आत येते. कूलंटचं दूध होण्याऐवजी वर पिवळट साय तरंगायची. मला वाटायचं तेलच भेसळीचं आहे. दुकानदाराशी एकदा हुज्जतही घातली. आई पडवीत बसून हे बघत होती.

“मे महिन्यात त्या पाण्यात डाळ शिजत नाही रे, साबणाला फेस येत नाही. तुझं तेल काय वेगळं आहे?”

खाऱ्या आणि जड पाण्यात हे तेल फुटतं, दही होतं. म्हणजे कापताना उडणारं प्रत्येक शिंतोडं मी मिठाच्या पाण्याचं उडवत होतो, तेही नेमकं स्लाइडखाली. दुकानदाराकडे नंतर आंब्याची पेटी पोचवली.

आगोटीतलं आणखी एक काम

आता आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, शाकारणी, लाकूडफाटा, सुकी मासळी या यादीत मशीनही आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका कडक उन्हाच्या दिवशी. लोखंड पाण्याने धुवायचं हे ऐकून पहिल्यांदा माझाच हात धजला नव्हता. पण मीठ डिझेलमध्ये किंवा तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं.

फ्रेम आणि गिब काढा. जुनं तेल डिझेलने पुसून टाका. मग नळाचं गोडं पाणी गरम करून त्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून टूथब्रशने डोव्हटेलच्या कोपऱ्यांत घासा. मीठ त्या आतल्या कोपऱ्यातच दडलेलं असतं. नंतर नुसत्या कढत पाण्याने दोनदा धुवा. पाणी जितकं गरम तितकं लोखंड लवकर सुकतं. पुसून भाग पत्र्यावर उन्हात ठेवा, अर्ध्या तासात हात लागणार नाही इतके तापतात. जरा निवले की कोमट असतानाच ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल लावून जोडून टाका. संध्याकाळपर्यंत तसंच ठेवून चालत नाही. धुतलेलं उघडं लोखंड आमच्या हवेत रात्रीतून तांबूस होतं. मोटर आणि स्विचला मात्र पाणी लागू देऊ नका, मोटर आधी उतरवून बाजूला ठेवलेली बरी.

झाकायला प्लास्टिक नको. आत दमट हवा कोंडते आणि पहाटे घाम सुटतो. मी जुनी गोधडी टाकतो आणि मशीनच्या पोटात जुन्या पद्धतीचा काचेचा झिरो बल्ब लावतो. एलईडी नाही, इथे उजेड नको, ऊब हवी आहे. लोखंड हवेपेक्षा थोडं गरम राहिलं की त्यावर दव धरत नाही. बल्बला जाळीचं पिंजरं आहे आणि गोधडी त्यापासून वीतभर लांब. लाइट ये-जा करते तेव्हा मी तो बंदच ठेवतो. पावसाळ्यात दर शनिवारी पाच मिनिटं मशीन रिकामं चालवतो. कूलंट जून ते ऑक्टोबर पन्हाळीच्या पाण्यात, नंतर नळाच्या. पावसाळ्यात ते आंबून वास मारायला लागलं की बिनदिक्कत फेकून नवीन, त्यात जीव गुंतवायचा नाही.

जूनमध्ये फ्रेम जड वाटलीच तर स्क्रूला हात लावायचा नाही. उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं. पाना मी त्या भिंतीवरून काढून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला आहे, सवयीचा भरवसा नाही.

याच्याशी गल्लत होणाऱ्या दोन गोष्टी

फ्रेम खाली येण्याचा वेग डॅशपॉट, म्हणजे तेल भरलेला छोटा दट्ट्याचा सिलिंडर, ठरवतो. त्यातला चामड्याचा वॉशर, स्टोव्हच्या पंपात असतो तसाच, सुकला की फ्रेम धाडकन जॉबवर आदळते, दात झडतात आणि उरलेल्या दातांनी कट भरकटतो. वॉशर रात्रभर तेलात भिजवून बघा, बहुतेक वेळा जिवंत होतो. उलट प्रकार मी स्वतः करून ठेवला होता. एकदा मे महिन्यात हायड्रॉलिक तेल संपलं म्हणून डॅशपॉटमध्ये घरचं खोबरेल ओतलं. महिनोन्महिने छान चाललं. जानेवारीत एका सकाळी फ्रेम वरच अडकून बसली, खाली येईना. सगळं तपासलं, दहा वाजता कंटाळून बाहेर गेलो, परत आलो तर ती आपोआप उतरत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात खोबरेलची बाटली थिजलेली दिसली तेव्हा ट्यूब पेटली. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, आणि इथली जानेवारीची सकाळ त्याच्या बरीच खाली असते. डिझेलने धुऊन ३२ नंबरचं हायड्रॉलिक तेल घातलं.

दुसरं, वेग. माझी मोटर १४४० फेऱ्यांची, तिच्यावर ३ इंची पुली, मशीनवर १२ इंची, आले ३६०. पुढे २० दात्यांच्या पिनियनवर ८० दात्यांचं गिअर, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्या. एमएसला ठीक. बोटीचा स्टेनलेसचा शाफ्ट आला की २ इंची पुली घालून ६० वर आणतो. पट्टा इतक्या लहान पुलीवर लवकर मरतो, पण स्टेनलेस वेगात घासलं गेलं की जागच्या जागी कडक होतं आणि मग त्यावर ब्लेड नुसतं नाचतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर घुं घुं करून उठत नाही, तेव्हा पट्ट्याला हाताने झटका द्यायचा मोह आवरा. कपॅसिटर बघा, आतला सेंट्रिफ्युगल स्विच बघा. खाऱ्या हवेत त्याचे पॉइंट हिरवे पडतात.

मे २०२४ पासून धुणं सुरू केलं. त्या वर्षी जूनमध्ये फ्रेम जड झाली नाही, दिवाळीला ५० मिलीच्या रॉडवर गुण्याखाली ०.२ चं पान गेलं, ०.२५ चं नाही. स्लाइडच्या मध्यात ०.१५ ची झीज आहे ती आहेच, तीन वर्षांच्या गंजाने खाल्लेली. ती स्क्रेप करून घ्यायची आहे, पण शिमग्याआधी हात मोकळा होईल असं दिसत नाही.

पहिला सरळ तुकडा चाचांना नेऊन दाखवला. त्यांनी गुण्या मागितला नाही. बोटीच्या इंजिन कव्हरवर उभा करून ठेवला, बोटाने टपली मारली, हलतो का बघितलं.

“बरा आहे,” म्हणाले. “रंग सगळा खरवडलास ना?”